शेतकरी आमदाराचे नव्वद दिवस

अमेरिकी सिनेटचे माजी सदस्य जॉन टेस्टर यांच्यावरच्या एका लेखात त्यांची वॉशिंग्टनमधली कारकीर्द सविस्तर आली, पण मोंटाना राज्याच्या सिनेटमधली आठ वर्षं एका ओळीत आटोपली. खरी जडणघडण तिथलीच. बिग सँडीजवळ शेती करणारा हा माणूस १९९८ मध्ये उभा राहिला तो वीज नियंत्रणमुक्तीच्या, म्हणजे वीजपुरवठ्यावरचं सरकारी नियंत्रण काढण्याच्या, विरोधात. १९९९ ते २००७ राज्य सिनेटर, त्यातली शेवटची दोन वर्षं सभागृहाचे अध्यक्ष.

हेलेना या मोंटानाच्या राजधानीत विधिमंडळाचं नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षी भरतं. जानेवारीत सुरू होऊन जास्तीत जास्त ९० कामकाजी दिवस, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत. वसंती गव्हाची पेरणी आणि अर्थसंकल्पाची अखेरची मतदानं नेमकी एकाच वेळी येतात! साधारण विधेयक ४५व्या दिवसापर्यंत दुसऱ्या सभागृहाकडे गेलं नाही की मेलंच समजा; महसूल आणि खर्चाच्या विधेयकांना मुदत जास्त मिळते. मसुदा लिहून घ्यायला उशीर केलेला आमदार इथेच अडकतो.

त्यात आमदाराला १६ वर्षांच्या काळात एका सभागृहात ८ वर्षांचीच मर्यादा. कामकाजाच्या खाचाखोचा कळेपर्यंत जायची वेळ येते, आणि अनुभव उरतो तो लॉबिस्टांकडे, म्हणजे हितसंबंधी गटांसाठी आमदारांचं मन वळवणाऱ्यांकडे. विरळ वस्तीच्या गहूपट्ट्याला याची झळ सर्वात जास्त बसते, असं माझं ठाम मत आहे.