‘सही केलीस, आता ओटी विसर’ हे खरं नाही

नव्याने नोकरीला लागणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: नेमणूकपत्रात ‘जादा कामाचा मोबदला पगारात धरलेला आहे’ असं लिहिलंय आणि तुम्ही सही केलीय, तर ओव्हरटाइम (ओटी) मागता येत नाही. मासिक पगारवाल्याला ओटी नसतोच. नावापुढे ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘सुपरवायझर’ लागलं की कायदा लागू नाही. आणि बदली सुट्टी दिली की कंपनी मोकळी. चाकण, रांजणगाव, बुटीबोरीत पहिली नोकरी धरणारी पोरं हे वाचून हक्काचे पैसे सोडून देतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सही, कारण सगळ्यात जास्त नुकसान हाच मुद्दा करतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेचं कलम 60 सरळ सांगतं की, कायद्याने देय असलेली रक्कम कामगाराने करार करून सोडून दिली, तर तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल. ही नवी मेहेरबानीही नाही; 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात आणि 1948 च्या किमान वेतन कायद्यातही हेच होतं. जादा तासांना किमान दुप्पट दर कायद्याने ठरवलाय, एचआरने नाही. 2020 च्या टाळेबंदीत गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधाच दर अशी मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 ला ती रद्द केली आणि कामगारांना ओव्हरटाइम द्यायला लावला. सरकारला जे जमलं नाही, ते नेमणूकपत्रातल्या एका ओळीने कसं जमेल?

काही कंपन्या ‘फिक्स्ड ओटी’ म्हणून दरमहा ठरावीक रक्कम देतात. ती घ्यायला हरकत नाही, पण तिने हिशेब संपत नाही. प्रत्यक्ष जादा तासांचे दुप्पट दराने जास्त पैसे निघाले, तर वरचा फरक देणं लागतोच.

‘मासिक पगार म्हणजे तासांचा हिशेब नाही’ हे तर कागदावर पेन घेऊन खोडता येतं. समजा, ओटीसाठी धरायचं वेतन महिना 20,800 रुपये आहे. 26 ने (महिन्याचे कामाचे दिवस) भागा, 800 रुपये रोज. 8 ने भागा, 100 रुपये तास. जादा तासाचे 200. महिन्यात 30 तास जादा थांबलात तर 6,000 रुपये. आता पगाराची स्लिप काढा आणि ‘ओटी’ किंवा ‘इन्सेन्टिव्ह’च्या रकान्यात 3,000 दिसतात का बघा. दिसत असतील तर एकेरी दराने बोळवण झालीय. दुसरी खोच बेसिकमध्ये असते: बेसिक मुद्दाम बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायचं, म्हणजे ओटीही बारीक होतो. वेतन संहितेतल्या नव्या व्याख्येत घरभाडं, प्रवासभत्ता वगैरे वेतनातून वगळलेत, पण वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो.

पदनामाच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. खरोखर व्यवस्थापकीय काम करणारे ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत, आणि ठरावीक पगाराच्या वरचे खरे पर्यवेक्षकही येत नाहीत. पण ‘खरे’ या शब्दावर सगळं अडतं. सिबा गायगी या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं की माणसाचं मुख्य काम काय ते बघा, पद नाही. दिवसभर मशीनवर उभा असलेला आणि कुणाची रजाही मंजूर न करू शकणारा ‘लाइन एक्झिक्युटिव्ह’ हा कामगारच. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तर अशा वगळलेल्या व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय लोकांची यादी आस्थापनेने जाहीर लावायची आहे. तुमचं नाव त्या यादीत आहे का, हे विचारा. (ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसांच्या दुकानांना मात्र या कायद्यातल्या तासांच्या तरतुदी लागू होत नाहीत.)

बदली सुट्टी ही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं त्याची भरपाई. रोज दोन तास जादा थांबल्याचे पैसे तिने फिटत नाहीत.

एक गोष्ट तो मजकूर सांगतच नाही: जादा काम कामगाराच्या संमतीनेच करून घ्यायचं आहे, असं व्यवसाय सुरक्षा संहितेचं (कामाच्या जागची सुरक्षा आणि कामाच्या अटींचा कायदा) कलम 27 म्हणतं.

पैसे अडकले असतील तर तारीखवार तास वहीत लिहा, पंचिंगचे फोटो आणि स्लिपा जपून ठेवा. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, तुमच्या वतीने युनियनही करू शकते. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी वेतन संहितेच्या कलम 59 प्रमाणे मालकावर आहे, तुमच्यावर नाही.