फ्लॅश करण्याआधी चिप दोनदा वाचा

स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरच्या उपायासाठी बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये) नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) घालून तो थेट चिपवर लिहा, म्हणजे फ्लॅश करा, असं एका लेखात म्हटलंय. कृपया एवढी घाई नको. आधी सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं छोटं यूएसबी उपकरण) आणि चिपला लावायच्या क्लिपने ती बायोस चिप दोनदा वाचा; दोन्ही फायली तंतोतंत जुळल्या, तरच तो बॅकअप. वाचताना बोर्डाची पॉवर केबल काढलेली हवी. या प्रोग्रामरच्या काळ्या आवृत्तीत डेटा लाइनवर बऱ्याचदा ५ व्होल्ट येतात आणि चिप बहुधा ३.३ व्होल्टची असते, हेही मोजून घ्या.

खरी गोम एफआयटी टेबलात (मायक्रोकोड चिपमध्ये कुठे आहे, ते पत्ते नोंदवणाऱ्या तक्त्यात) आहे. नवा मायक्रोकोड जुन्यापेक्षा मोठा असला की पुढचे पत्ते सरकतात, टेबलात मात्र जुनेच राहू शकतात. यूईएफआयटूल या बायोस फाइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ते पडताळल्याशिवाय फ्लॅश करूच नका. लिनक्सवाल्यांना इंटेल-मायक्रोकोड पॅकेज बहुतेक वेळा पुरतं; ते बायोस न बदलता दर बूटला नवा मायक्रोकोड लोड करतं.