गाडी विजेची, पण वीज कुठल्या वेळेची?

पेट्रोलची गाडी तासभर चालवून थांबलात की एकदा बॉनेटवर हात ठेवून बघा. चटका बसतो. टाकीत भरलेल्या पेट्रोलमधली जवळपास तीन-चतुर्थांश ऊर्जा अशीच उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या गाडीत गणित उलटं, बॅटरीतली ८० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांना मिळते. म्हणून मी विजेच्या गाड्यांच्या बाजूने आहे आणि राहणार. पण "ही गाडी धूर सोडत नाही" एवढं म्हणून लोक विषय संपवतात, ते मला खटकतं. प्लगच्या पलीकडे काय जळतंय, ते कुणी विचारायचं?

साधा हिशेब करू. लहान विजेची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज घेते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या २०१४ च्या अहवालानुसार कोळशावर बनलेल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे त्या प्रवासाला १२ किलोच्या वर. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतरात १५ किलो सोडते. (तेल काढून शुद्ध करतानाचं प्रदूषण यात धरलेलं नाही.) फरक आहे, पण ज्याच्यासाठी गाडी बदलली तेवढा नाही. तीच वीज सौर असेल, तर पॅनल बनवतानाचं प्रदूषण धरूनही युनिटमागे ४८ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या प्रवासाला पाऊण किलोसुद्धा नाही! गाडी तीच, रस्ता तोच.

आता खरी अडचण. आपण संध्याकाळी घरी येतो आणि गाडी चार्जिंगला लावतो. नेमके तेव्हाच घरोघरी दिवे आणि एसी सुरू होतात, आणि सूर्य मावळलेला असतो. मग ही मागणी बहुतेक ठिकाणी कोळसा किंवा गॅस भागवतो. उलट भर दुपारी सौर वीज मुबलक असते, काही ठिकाणी ती घ्यायला कुणी नसतं म्हणून पॅनलचं उत्पादन चक्क कमी करावं लागतं. तेव्हा आपल्या गाड्या उन्हात नुसत्या उभ्या असतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

रात्रीसाठी वीज साठवता येते. दुपारच्या विजेने पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि रात्री टर्बाइनवर सोडायचं. १०० युनिट घातले की ७५-८० परत मिळतात. हा जुना, खात्रीचा उपाय आहे. पण त्याला डोंगर लागतो आणि पाणी लागतं.

अणुऊर्जेबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. १९८६ चं चेर्नोबिल, २०११ चं फुकुशिमा कुणी विसरू नये, आणि हजारो वर्षं सांभाळावा लागणारा कचरा हाही खराच प्रश्न आहे. तरी आयपीसीसीच्या त्याच अहवालात तिचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा युनिटमागे १२ ग्रॅम आहे आणि ती रात्रीही मिळते. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, कोळसा मात्र जळतच राहिला. हा क्रम मला चुकीचा वाटतो. आधी कोळसा जायला हवा होता.

हायड्रोजनच्या मोटारींबद्दल मला फारशी आशा नाही. एक किलो हायड्रोजन बनवायला ५० च्या वर युनिट लागतात, त्यात उरतात ३३ आणि गाडी चालेपर्यंत त्यातलेही निम्मे गळतात. तो खत आणि पोलादाच्या कारखान्यांसाठी ठेवावा, जिथे नुसत्या विजेने काम भागत नाही.

आणि रेल्वेला तर बॅटरीही लागत नाही. वरच्या तारेतून वीज, खाली लोखंडी रुळावर लोखंडी चाक, घर्षण अगदी कमी. ऊर्जेचा विचार करताना तिचं नाव सगळ्यात शेवटी का येतं, मला कळत नाही.

गाड्यांपुरतं माझं मागणं एकच आहे. चार्जर आधी तिथे बसवा जिथे गाड्या दिवसा उभ्या असतात: ऑफिसच्या, कारखान्याच्या, कॉलेजच्या, स्टेशनच्या पार्किंगमध्ये. आणि दुपारची वीज रात्रीपेक्षा ठळकपणे स्वस्त ठेवा, म्हणजे लोक आपणहून दुपारी गाडी लावतील.