दादीच्या वाट्याची जन्नत

आज डबा खाताना ऑफिसातल्या एकाने विचारलं, "तुमच्या मुसलमानांत पुरुषांना जन्नतमध्ये बहात्तर हूर, मग बायकांना काय मिळतं गं?" हूर म्हणजे जन्नतच्या, स्वर्गातल्या सुंदऱ्या. सगळे हसले. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत विषय क्रिकेटवर गेला होता. घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

खरं तर त्याचा फार राग नाही आला. जे ऐकलं ते त्याने विचारलं. राग येतोय तो आपल्याच लोकांचा. बयानात, म्हणजे धार्मिक प्रवचनात, पुरुषांच्या जन्नतचं वर्णन तास तास चालतं. महाल, नद्या, हूर, सगळं इतकं बारकाईने की जणू सांगणारा कालच तिथून जाऊन आलाय. आणि पडद्यामागे बसलेल्या आम्हाला काय? नवऱ्याला खूश ठेवा, मग तिथे तुम्ही हूरांच्या सरदार व्हाल. म्हणजे तिथेही त्यांच्याच घरातली व्यवस्था बघायची!

माझी दादी हे असलंच ऐकत म्हातारी झाली. तरुणपणी विधवा झाली, पदरात मुलं, राहायला दिराच्या घरातली मागची खोली. तासगावच्या बेदाणा शेडवर ती बेदाणा निवडायची. आमच्या घरात दखनी बोलतात, पण शेडवरच्या बायकांत राहून दादी मराठीच बोलायची. दादा, म्हणजे माझे आजोबा, जिवंत असताना तिला मारायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. एकदा तालीमला, म्हणजे बायकांच्या धार्मिक शिकवणीच्या बैठकीला, बाहेरून आलेल्या बाई म्हणाल्या, तुम्ही दुसरं लग्न केलं नाहीत, आता जन्नतमध्ये नवऱ्याची भेट होईल. दादी म्हणाली, "मग तिथंबी त्यांच्याच घरात ऱ्हायाचं?" बाई म्हणाल्या, सब्र करा, धीर धरा.

सब्र! अजून काय करायचं बाकी होतं तिने?

कुरआनातली सूरह तहरीम, म्हणजे तहरीम नावाचा अध्याय, उघडून बघा. शेवटच्या तीन आयतींत (वचनांत) चार बायका आहेत. हजरत नूह आणि हजरत लूत यांच्या बायका. नवरे पैगंबर, तरी त्या आगीत गेल्या, नवऱ्याची पैगंबरी त्यांच्या कामी आली नाही. मग इजिप्तचा राजा फिरऔन याची बायको, हजरत आसिया. नवरा इतका जुलमी की स्वतःला खुदा म्हणवून घ्यायचा. ती काय मागते? ऐ रब, तुझ्याजवळ जन्नतमध्ये माझ्यासाठी एक घर बांध, आणि फिरऔनपासून, त्याच्या करणीपासून मला सोडव. चौथ्या हजरत मरियम, त्यांच्या गोष्टीत नवराच नाही. आसिया आणि मरियम यांचा दाखला अल्लाहने सगळ्या ईमानवाल्यांसाठी (श्रद्धा ठेवणाऱ्यांसाठी) दिलाय, पुरुषांसाठीसुद्धा. बाईचा हिशेब नवऱ्याच्या वहीत मांडलेला नाही, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

दादीला कुरआनाचा मराठी तर्जुमा (अनुवाद) मी वाचून दाखवायचे, शाळेत असल्यापासून. आसियाची दुआ ऐकून ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "घर मागितलं बग तिनं."

हो, बहात्तरचा आकडा हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत आहे, तिरमिजीच्या हदीससंग्रहात, शहीदाच्या संदर्भात. कुरआनात हूर आहेत, आकडा नाही. आणि हो, दोजखमध्ये (नरकात) बायका जास्त दिसल्या ही हदीसही बुखारीच्या संग्रहात आहे, ती मला टोचते, खोटं कशाला बोलू. पण तीच एक हदीस आम्हाला दर महिन्याला ऐकवायची आणि बाकीच्या झाकून ठेवायच्या, हा कुठला न्याय?

बाकीच्या म्हणजे कुठल्या, तर त्याच बुखारीत आहे, बायकांनी पैगंबरांकडे (स.) स्वतःसाठी वेगळा दिवस मागितला आणि त्यांनी तो दिला. त्या दिवशी सांगितलं, जिची तीन मुलं गेली तिला ती आगीपासून आड होतील. एका बाईने विचारलं, आणि दोन? म्हणाले, दोनसुद्धा. दादीची दोन तान्ही मुलं गेली होती. ही हदीस तिला कुणी सांगितली नव्हती. इतक्या वर्षांत कुणीच नाही. ती मी सांगितली तेव्हा तिने त्या दोघांची नावं घेतली. मला तोवर त्यांना नावं होती हेही माहीत नव्हतं.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा.

दादी आणखी एक विचारायची, "तिथं चूल असंल का गं?" तेव्हा मी हजरत खदीजांची (र.) हदीस काढली. पैगंबरांची पत्नी, मक्केतली मोठी व्यापारी बाई, पैगंबरांवर सगळ्यात आधी ईमान आणणारी. देवदूत जिब्रीलनी तिच्यासाठी खुशखबर आणली, जन्नतमध्ये पोकळ मोत्याचं घर, जिथे ना आरडाओरडा, ना कष्ट. दादीने ते मला पुन्हा वाचायला लावलं. दिराच्या घरातल्या मागच्या खोलीत, आयुष्यभर ओरडा ऐकलेली आणि राबलेली बाई ती. तिला सोनं नको होतं, रेशीम नको होतं.

आलिम (धर्माचे जाणकार) म्हणतात की बाई तिथे नवऱ्यासोबतच असते. असेल. पण मनातला सल काढून टाकू, असंही अल्लाहने म्हटलंय, आणि जीव मागेल ते मिळेल, असंही. दादीच्या जिवाने काय मागितलं ते मी कानांनी ऐकलंय.

तर त्या सहकाऱ्याला उद्या डब्याच्या वेळी हे सगळं सांगणार आहे, क्रिकेट थांबवून. आणि येत्या शुक्रवारी आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या तालीमला सूरह अहज़ाबची 35वी आयत मी वाचणार आहे. सच्चे पुरुष आणि सच्च्या स्त्रिया, सब्र करणारे आणि सब्र करणाऱ्या, दहा वेळा दोघांची नावं शेजारी शेजारी, आणि सगळ्यांना एकच मोठा मोबदला. पैगंबरांच्या पत्नी हजरत उम्मे सलमांनी (र.) विचारलं होतं की कुरआनात पुरुषांचा उल्लेख येतो तसा आमचा का नाही, त्यावर ही आयत उतरली असं रिवायतीत (परंपरेने आलेल्या कथनात) आहे. त्यांनी विचारलं म्हणून आली. जवळ राहणाऱ्यांनी असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर या, सासूला आणि मुलींना घेऊन या, आणि ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी ते पडद्याआडून का होईना, मोठ्याने विचारा.