स्पेशल एडिशन म्हणजे नुसते स्टिकर? अजिबात नाही!

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय. म्हणणं असं की स्पेशल एडिशन म्हणजे तीच जुनी गाडी, वर स्टिकर आणि नवा रंग, इंजिनिअरिंग शून्य, न खपलेला माल गळ्यात मारायची युक्ती, आणि दोन वर्षांनी कोणी ढुंकूनही बघत नाही. स्टिकरछाप एडिशन असतात, भरपूर असतात, मान्य. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवणं मला पटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"इंजिनिअरिंग शून्य" म्हणे. 1970 ची प्लिमथ सुपरबर्ड बघा. अमेरिकेत नॅसकारच्या रेसमध्ये गाडी उतरवायची तर तीच गाडी लोकांनाही विकायला ठेवावी लागायची, आणि आधी 500 बनवल्या तरी चालायचं ते त्या वर्षी दर दोन डीलरमागे एक असं झालं, म्हणून प्लिमथने आपल्या रोड रनर या नेहमीच्या गाडीला पुढे लांब टोकदार नाक आणि मागे उंचच उंच पंख बसवून 1900 च्या वर गाड्या काढल्या. नाक हवा कापायला, पंख मागची चाकं रस्त्याला दाबून धरायला. पुढच्याच वर्षी नॅसकारने असल्या गाड्यांच्या इंजिनावर 305 क्युबिक इंचाची मर्यादा घातली आणि विषय संपला. नुसत्या सजावटीला आवरायला कोणी नियम करत नाही.

रेनॉ क्लिओ विल्यम्सचंही (1993) तेच, दोन लिटरचं 16 व्हॉल्व्ह इंजिन, रुंद केलेला ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर), रॅलीसाठीच काढलेली गाडी. इथे एक गोष्ट मात्र पोस्टवाल्यांच्या बाजूची आहे: काम सगळं रेनॉच्याच रेसिंग विभागाचं, म्हणजे रेनॉ स्पोर्टचं, विल्यम्स या फॉर्म्युला वन टीमचं फक्त नाव. आणि नंबरची पाटी लावून "मर्यादित" म्हणून विकल्यावर पुन्हा दुसरी, तिसरी आवृत्ती काढली, पहिले ग्राहक चिडले ते बरोबरच होतं.

"न खपलेला माल"? निसान फिगारो, 1991. आत निसानचीच साधी छोटी गाडी मार्च, वर जुन्या वळणाची गोंडस बॉडी, आणि मागणी एवढी की जपानमध्ये लॉटरी काढून गाड्या द्याव्या लागल्या. 20,000 बनल्या, सगळ्या गेल्या. पडून राहिल्या त्या उलट सुपरबर्ड, काही डीलरांनी तर नाक-पंख काढून साध्या रोड रनर म्हणून विकल्या, कारण त्या मुळात रेसच्या नियमासाठी बनल्या होत्या.

आता माझा सगळ्यात लाडका मुद्दा, "फक्त रंग बदलतात". 1995 ची फोक्सवॅगन पोलो हार्लेकिन. लाल, निळा, पिवळा, हिरवा, एकाच गाडीवर चारही. हे चार रंगांचे डबे घेऊन रंगवलेलं नाही बरं का. आधी चार रंगांच्या चार अख्ख्या गाड्या बनवायच्या, मग दारं, बॉनेट, फेंडर एकमेकींत अदलाबदल करायचे. 1000 काढायचा विचार होता, 3800 च्या आसपास निघाल्या. अमेरिकेसाठी याच धर्तीवर गोल्फ हार्लेक्विन आली, फक्त 264.

आणि "कोणी बघत नाही" म्हणाल तर या 264 पैकी कुठली कुठे आहे याचा माग चाहते आजही ठेवतात. काही डीलरांनी तेव्हा विकल्या जात नाहीत म्हणून पत्रे परत बदलून एकरंगी केल्या होत्या, आता लोक साध्या गोल्फला चार रंगांचे पत्रे लावून नकला बनवतात. मूळ गाडी कुठल्या रंगाची होती ते बघायचं असेल तर छत आणि छताला धरणारे खांब बघा, ते बदलता येत नाहीत.