बर्फात बुडवलेली सुरी आणि भाच्याच्या भुवईवरचे दोन टाके

‘कबाडीकडून ५० रुपयांची जुनी कानस आणा. कोळशावर ठेवून हेअर ड्रायरनं हवा मारा. लालभडक झाली की बर्फाच्या पाण्यात बुडवा. पाणी जितकं थंड, तितकी सुरी कडक. दगडावर धार लावा. आपल्या पूर्वजांची खरी पोलादी सुरी तयार! खात्रीसाठी नारळावर घाव घालून पाहा.’

हा मेसेज माझ्याकडे चार ग्रुपवरून आला. खाली आणखी चार-पाच मुद्दे होते, ते पुढे घेतोच. दोनदा वाचून सोडून दिला. मग मागच्या रविवारी ताईचा फोन आला, ‘तुह्याच नादानं लागलं त्याले हे वेड.’ भाच्यानं मेसेजबरहुकूम सुरी बनवली, नारळावर घाव घातला, पातं मधोमध तुटलं आणि पुढचा तुकडा उडून भुवईवर बसला. दोन टाके पडले. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता.

मी सहा वर्षांपासून घरामागच्या अंगणात सुऱ्या बनवतो. विकायला नाही, घरात वापरायला आणि जवळच्या माणसांना द्यायला. त्यामुळे या मेसेजवर गप्प बसणं मला जमणार नाही.

सगळ्यात घातक मुद्दा बर्फाचा आणि नारळाचा, म्हणून आधी तोच. भाच्याकडून मी दोन्ही तुकडे मागवून घेतले. तुटलेल्या कडेवर साखरेसारखे जाड, चकाकते दाणे दिसत होते. नीट कडक केलेलं पोलाद तुटलं तर कड करडी आणि मखमलीसारखी बारीक दिसते. दाणे असे फुगले याचा अर्थ पातं गरजेपेक्षा फार जास्त तापलं होतं. विचारलं तर म्हणाला, ‘मामा, लाल दिसतच नव्हतं, म्हणून हवा मारत राहिलो.’ कुठं? गच्चीवर. कधी? दुपारी एकला, मे महिन्याच्या उन्हात! लोहाराची भट्टी छपराखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात का असते, याचं उत्तर यातच आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग सावलीतच कळतो. नागपूरच्या उन्हात नारिंगी झालेलं पातंही काळपट दिसतं.

त्या दाण्यांमध्ये धारेच्या बाजूनं आत गेलेली एक तांबूस रेघही होती. तो गंज. म्हणजे तिथं पाणी आधीच शिरलं होतं. पात्याला तडा नारळावर नाही, बर्फाच्या बादलीतच गेला होता. पोलाद तापवून झटकन गार केलं की त्याची आतली रचना बदलते, ते कडक होतं आणि किंचित फुगतं. सुरीची धार पातळ, पाठ जाड. धार क्षणात गार होते, पाठ मागून. दोघी वेगवेगळ्या वेळी फुगतात, त्या ओढाताणीत पातं तडकतं. पाणी जितकं थंड, तितकी ही ओढाताण मोठी. बर्फानं सुरी चांगली होत नाही, तडकण्याची शक्यता तेवढी वाढते.

इथं एक गोष्ट मान्य करावी लागते. कानशीचं पोलाद खरंच उत्तम असतं, साधारण १ टक्क्याच्या वर कार्बन. आणि कानशी कारखान्यात मिठाच्या पाण्यात बुडवूनच कडक करतात, हेही खरं. पण तिथं तापमान मोजलेलं असतं आणि कानस सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची असते. घासून पातळ केलेल्या पात्याला तो नियम लावायचा नसतो. मी ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं साधं खाण्याचं तेल वापरतो, लोखंडी डब्यात, झाकण हाताशी ठेवून.

आणि मेसेजनं जी पायरी गाळली, खरी कारागिरी तिथंच आहे. कडक केलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. त्याचा थोडा कडकपणा जाणूनबुजून उतरवावा लागतो. याला टेम्परिंग म्हणतात. मी पातं ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवतो, गार होऊ देतो, पुन्हा तासभर ठेवतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर गव्हाच्या काडीसारखा फिका पिवळा रंग चढतो. निळा चढला तर ३०० अंशांच्या आसपास गेलं, म्हणजे धार मऊ पडली. ज्या लोहाराकडे मी शिकलो तो ओव्हनशिवाय हे करायचा. पाण्यातून काढलेल्या विळ्याचा एक पट्टा दगडानं घासून उजळायचा आणि त्यावर सरकत येणारा रंग बघत बसायचा. त्या वेळी कोणी बोललेलं त्याला चालायचं नाही.

भाचा पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या स्वतःच्या पुस्तकात लोखंड-कार्बनचा आलेख छापलेला आहे. पोलादाची रचना बदलायला लागते ते ७२७ अंश त्यात आहेत, ०.७७ टक्के कार्बनचा बिंदू आहे, डाव्या बाजूला कमी कार्बनचं मऊ लोखंड आहे. या मेसेजमधले निम्मे दावे त्या एका पानावर मोडतात. परीक्षेत तो हा आलेख काढून आला आणि गच्चीवर मात्र मेसेजवर विश्वास ठेवला, याचं मला टाक्यांइतकंच वाईट वाटलं.

त्याच पानावर पुढचा दावा पडतो: ‘कानस नसेल तर कोणतंही लोखंड चालेल, नळाचा जुना पाइपसुद्धा.’ पाइपात किंवा खिळ्यात कार्बन इतका कमी असतो की कितीही वेळा बुडवा, ते कडक होत नाही. त्याहून वाईट म्हणजे नळाच्या पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. तो भट्टीत जळतो आणि पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला की काही तासांनी हुडहुडी भरते, ताप येतो, तोंडात धातूची चव राहते. कृपा करून मुलामा दिलेलं काहीही तापवू नका. हात बसेपर्यंत ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घ्या. इतवारीच्या लोहा ओळीत किंवा कबाडीकडे मिळतो आणि चूक सहन करतो.

‘स्टेनलेस स्टीलची सुरी अन्नात विष सोडते, लोखंडी सुरीनं अंगात लोह वाढतं.’ दोन्ही खोटं. कांदा-सांबार (कोथिंबीर) चिरताना पातं क्षणभर टेकतं, तेवढ्यात काही उतरत नाही. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवली तर लोह उतरतं, ते वेगळं. माझ्या सुरीनं संत्रं कापलं तर पातं काळं पडतं, लगेच पुसावं लागतं. स्वस्त स्टेनलेसपेक्षा तिला धार चटकन लागते, एवढं मात्र मी छातीठोक सांगेन.

‘घरी बनवलेल्या सुरीला कायदा लागू नाही, हवी तेवढी मोठी बनवा.’ हे वाचून एखादं पोर तलवार बनवायला घेईल. शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू शस्त्रात धरलेल्या नाहीत. पण शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी येते. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठीची सोडून. वस्तू कुठं बनली याला तिथं महत्त्व नाही. माझं सगळ्यात मोठं पातं ७ इंचांचं आहे.

शेवटचा दावा मला सगळ्यात जास्त लागला: ‘लोहार ही विद्या लपवून ठेवतात.’ मी त्या लोहाराच्या दारात पाहुण्यासारखा जाऊन बसलो, तर त्यानं तीन महिने मला भाता फिरवायला दिला, नंतर हातोडा दिला, एक पैसा घेतला नाही. विचारायला कोणी जात नाही, ही खरी गोष्ट आहे. आणि पूर्वजांचं नाव घेणाऱ्यांनी आपल्याच नागपूर जिल्ह्यातलं, पेंच नदीकाठचं नायकुंड आठवावं. तिथल्या उत्खननात अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती माणसं धातूचा रंग डोळ्यांनी ओळखत होती, घाईनं बादलीत बुडवून मोकळी होत नव्हती.

भाच्याचे टाके सुटले की त्याला बोलावलं आहे. डोळ्यांवर गॉगल, अंगात सुती शर्ट, पायात बूट, टेरिकॉट काही नको. कमानपाट्याचा तुकडा मी कापून ठेवला आहे, आणि एक लोहचुंबक. तापलेलं पातं चुंबकाला चिकटेनासं झालं की ७७० अंश झाले, मग आणखी थोडं थांबायचं. दुपारी येऊ नको म्हटलंय. दिवस मावळल्यावर ये, रंग दिसेल.