‘मानधन थांबवा, तिजोरी भरेल’ : ठाण्यात फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

अर्थसंकल्पाचे दिवस आले, की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. पक्षाचं नाव पाठवणाऱ्याच्या मतानुसार बदलतं, बाकी मसुदा तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : महापालिका कंगाल झाली ती एकाच पक्षाच्या उधळपट्टीमुळे, नगरसेवकांचं मानधन आणि चोचले बंद केले तर तिजोरी भरेल, दरवर्षी पेव्हर ब्लॉक बदलतात, तिथेच पैसा मुरतो, संकट आहे तोवर सगळी कामं थांबवा, आणि प्रशासक होता तेव्हा पैसा वाचत होता, मग नगरसेवक हवेतच कशाला? राग समजण्यासारखा आहे. हिशेब मात्र चुकलेला आहे.

‘मानधन आणि चोचले बंद करा’

ठाण्यात १३१ नगरसेवक. प्रत्येकाला मुंबईच्या नगरसेवकाइतकं, महिना २५ हजार रुपये मिळतात असं धरू. (ठाण्याचा दर त्याहून कमी आहे, पण संदेशाला झुकतं माप देऊ.) वर्षाचे होतात ३ कोटी ९३ लाख. महापालिकेचा अर्थसंकल्प ५ हजार कोटींच्या वर आहे. म्हणजे शंभर रुपयांत आठ पैसे. गाड्या, चहापाणी, अभ्यासदौरे मिळून ही रक्कम दुप्पट धरली तरी सोळा पैसे. दौऱ्यांवर टीका जरूर करावी, त्यातले बरेच निरर्थक असतात. त्याने तिजोरी भरत नाही एवढंच.

२०२० मध्ये हा प्रयोग देशपातळीवर झालेला आहे. खासदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात झाली. एक लाखाच्या मूळ वेतनावर ३० हजार, साधारण ७९० खासदार, म्हणजे वर्षाला २८ कोटींच्या आसपास. त्याच निर्णयात खासदार निधी दोन वर्षांसाठी गोठवला गेला, तो ७,९०० कोटींचा. मथळे वेतनकपातीचे झाले, पैसा हलला तो दुसऱ्या ओळीतून. आणि तीही बचत नव्हतीच, मतदारसंघातल्या कामांचा पैसा केंद्राच्या तिजोरीत वळवला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये हा निधी पुन्हा सुरू झाला, त्या वर्षाच्या उरलेल्या काळासाठी खासदारामागे २ कोटी.

‘एकाच पक्षाने लुटलं’

खर्चाचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि ते पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात येतात. म्हणजे मंजुरीच्या टेबलावर विरोधकही बसलेले असतात. निविदेशिवाय काम देण्याचे दोन दरवाजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातच आहेत. तातडीच्या कामासाठी कलम ६७ (३) (क) आणि कारणं नोंदवून निविदा टाळण्यासाठी ‘५ (२) (२)’, म्हणजे अनुसूचीच्या प्रकरण ५ मधला नियम २ (२). तातडी खरी असेल तर ही तरतूद हवीच. पूर आला तेव्हा निविदेची मुदत मोजत बसता येत नाही. पण असा प्रस्ताव चर्चेविना मंजूर होतो, तेव्हा गप्प बसलेले एका रंगाचे नसतात.

पक्षाचा रंग खरा दिसतो तो दुसरीकडे. जकात गेली, २०१३ मध्ये स्थानिक संस्था कर आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी. तेव्हापासून महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते. ती कायद्याने ठरलेल्या सूत्राने, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून येते, त्यात मर्जीला फारसा वाव नाही. मर्जी चालते ती नगरविकास विभागाच्या विशेष अनुदानात. अमुक प्रभागात सभागृह, तमुक चौकात सुशोभीकरण. पैसा राज्याचा म्हणून सगळे खूश. बांधून झालं, की वीजबिल, सुरक्षारक्षक, रंगरंगोटी, गळती हे सारं महापालिकेच्या महसुली खर्चात, कायमचं. अशा प्रस्तावात बांधकाम खर्चाशेजारी वार्षिक देखभालीचा आकडा लिहिलेला नसेल, तर उधळपट्टीची सुरुवात तिथे झाली असं खुशाल समजावं.

कंगाल होण्याचं मूळ कारण याहून कोरडं आहे : दायित्व. म्हणजे कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) दिलेल्या पण पैसे न दिलेल्या कामांचा बोजा. तो असा चढतो. समजा, अर्थसंकल्पात उत्पन्न धरलं १०० रुपये आणि जमा झाले ८०. पगार, निवृत्तिवेतन, पाणी, वीज, कचरा, परिवहन सेवेचं अनुदान यांत ६० जातात, ते टळत नाहीत. कामांना ४० उरतील म्हणून ४० चे कार्यादेश निघाले, हातात राहिले २०. पहिल्या वर्षाअखेर २० ची बिलं थकली. दुसऱ्या वर्षी उत्पन्न पुन्हा १०० धरलं, पुन्हा ४० ची कामं काढली, थकबाकी ४०. तिसऱ्या वर्षी ६०, म्हणजे शहर नुसतं चालतं ठेवायला जेवढे लागतात तेवढे. यात कुणी एक रुपया खाल्ला नाही असं धरलं आहे. खाल्ला तर वेगळं.

उत्पन्न फुगवण्याची ठरलेली जागा म्हणजे शहर विकास विभागाचं, म्हणजे बांधकाम परवानग्यांचं शुल्क. घोडबंदर रोडवर बांधकामाचा जोर असतो तेव्हा ते भरभरून येतं, मंदीत आधी तेच आटतं. मुद्रांक शुल्कावरच्या एक टक्का अधिभाराचंही तसंच, व्यवहार थंडावले की तोही घटतो. बिलं वर्षानुवर्षं थकली की छोटे ठेकेदार बाहेर पडतात, उरलेले उशिराचं व्याज दरातच घालून निविदा भरतात, आणि तेच काम ‘जादा दराने’ जातं. हा खर्च कुठल्याच लेखाशीर्षात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या नोंदीत, दिसत नाही.

‘पेव्हर ब्लॉकमध्येच सगळं मुरतं’

मुरतं खरं, पण ब्लॉकमध्ये कमी, ब्लॉकखाली जास्त. १०० मीटर लांब, २ मीटर रुंद पदपथ घ्या : २०० चौरस मीटर. खाली १५० मिलिमीटरचा दाबलेला थर प्राकलनात (कामाच्या अंदाजपत्रकात) असेल तर ३० घनमीटर, म्हणजे साडेदहा ब्रास माल (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). त्यावर ३० मिलिमीटर वाळू किंवा कच, ६ घनमीटर, दोन ब्रासच्या थोडं वर. ब्लॉक बसल्यावर यातलं काहीच दिसत नाही. थर अर्धा टाकला तर पहिल्या पावसात वाळू सरकते, ब्लॉक डुगडुगतात, आणि पुढच्या वर्षी ‘खराब झाले’ म्हणून नवं प्राकलन तयार. कडेचा कर्ब नीट धरलेला नसला किंवा केबलसाठी खणलेला चर दाबून न भरता ब्लॉक परत ठेवले, तरी हेच होतं.

ब्लॉक स्वतः सहसा धडधाकट असतो. पायी वाहतुकीला ६० मिलिमीटर पुरतो. जिथे टेम्पो चढतात तिथे ८० लागतो. म्हणून प्राकलनात ‘जुने ब्लॉक काढून पुन्हा बसवणे’ अशी बाब आहे की सरसकट नवा पुरवठा, ते आधी बघायचं. नवा पुरवठा असेल तर जुने ब्लॉक कुठे जमा झाले त्याची नोंदही असायला हवी. ती सहसा कुणी मागत नाही!

‘संकटात सगळी कामं थांबवा’

राज्याने ४ मे २०२० ला जवळपास हेच केलं होतं : विभागांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी, आरोग्यासारखी क्षेत्रं वगळता नवी कामं बंद, भरती बंद. त्या वेळी दुसरा इलाजही नव्हता. पण न सुरू झालेलं काम थांबवणं आणि अर्धवट काम थांबवणं यांत फरक आहे. अर्धा खणलेला नाला पावसाळ्यात पुन्हा गाळाने भरतो, मुदतवाढीबरोबर भाववाढीचा दावा येतो, यंत्रसामग्री पडून राहिल्याचं बिल येतं. निम्म्याहून जास्त झालेली कामं आधी संपवायची, कार्यादेश न निघालेली रद्द करायची, आणि टोकन तरतुदीवर, म्हणजे नावापुरती रक्कम टाकून उघडलेली लेखाशीर्षं मिटवायची, हा क्रम बरा. राजकीयदृष्ट्या तो अवघड आहे, कारण टोकन तरतुदीचं प्रत्येक काम कुणाच्या तरी फलकावर आधीच छापलेलं असतं.

‘प्रशासक होता तेव्हा पैसा वाचत होता’

नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात आयुक्त म्हणून जो प्रस्ताव मांडतो तोच स्थायी समिती म्हणून मंजूर करतो आणि महासभा म्हणूनही. सभागृहात गोंधळ होतो हे खरं, पण विषयपत्रिका १३१ जणांच्या हाती पडते, त्यातून पत्रकारांकडे जाते आणि एखादा तरी विषय अंगाशी येतो. प्रशासकाच्या काळात ही गाळणी नव्हती. फुगवलेलं उत्पन्न आणि थकलेली बिलं यांची साखळी खुर्ची बदलल्याने तुटत नाही.

तपासायचं असेल तर अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत जमेच्या प्रत्येक बाबीला आधीच्या वर्षांचे प्रत्यक्ष आणि सुधारित आकडे दिलेले असतात. दोन वर्षांपूर्वीची पुस्तिका शेजारी ठेवून तेव्हाचा मूळ अंदाज आणि आता छापलेला प्रत्यक्ष आकडा ताडून बघा, शहर विकास विभागापासून सुरुवात करा. एखाद्या कामासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करताना ‘खर्चाची माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. प्राकलन, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधी संपतो ते मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) नुसार कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. पदपथाच्या थराचा वाद असेल तर तो वापरा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं उत्तर आलं, तर त्याच अर्जात एकाच कार्यादेशाचा क्रमांक टाकून तो पुन्हा दाखल करा.